पाटीवरची अक्षरे आणि इंग्रजी शब्दांचा शोध

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका ज्या पालकांनी एकवार तरी उघडून पाहिली असेल, त्यांच्या ध्यानात आले असेल की, दुसऱ्या पेपरातील इंग्रजीच्या 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या 50 प्रश्नांत अधूनमधून असे प्रश्न डोकावतात, ज्यांना ना व्याकरणाचा नियम उपयोगी पडतो, ना धड्याखालच्या शब्दार्थांचे पाठांतर. अमुक शब्दातील अक्षरांपासून खालीलपैकी कोणता शब्द बनणार नाही. विस्कटलेली ही अक्षरे जुळविली असता होणाऱ्या शब्दाचे शेवटचे अक्षर कोणते. रिकाम्या चौकटीत कोणते एकच अक्षर घातल्याने डावीकडचा व उजवीकडचा असे दोन्ही शब्द पुरे होतील: प्रश्नाची शब्दयोजना बदलते, जात तीच राहते. 75 प्रश्नांस 90 मिनिटे या हिशेबाने एका प्रश्नाच्या वाट्यास 72 सेकंद येतात, आणि तेवढ्या अवधीत जे मूल आजवर वाचलेले सगळे शब्द आठवून पाहू लागते ते मागे पडते. ज्याला शोधण्याची रीत ठाऊक आहे त्यास निम्मा वेळही पुरतो. ही रीत शिकविता येते, आणि तिच्यासाठी महागडी मार्गदर्शके अथवा शहरातील शिकवणी लागत नाही, असे आमचे ठाम मत असल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल सालेकसा तालुका मुद्दाम घेतो. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व अंगास, मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आणि छत्तीसगड यांच्या सीमेस भिडलेल्या या तालुक्यातील मुलाच्या कानावर घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा हिंदी पडते, शाळेत ते मराठी लिहिते-वाचते, आणि 2000 सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाल्याने तीही त्याच्या दप्तरात येऊन बसली आहे. इतक्या भाषांचा संस्कार झालेल्या या मुलाचा कान शहरातील मुलाच्या कानापेक्षा तयार असतो, असे आमचे निरीक्षण आहे. मात्र प्रस्तुत कामात हा तयार कानच त्याला प्रथम आडवा येतो, आणि तो का येतो हे शिक्षकांनी नीट समजून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही युक्ती कामास येणार नाही.

देवनागरीत 'क' हे अक्षर उच्चारले की त्याच्या पोटातला 'अ' आपोआप उच्चारला जातो. काना, मात्रा, वेलांटी या त्या व्यंजनाच्या अंगाखांद्यावरच्या खुणा असतात, त्यांना ओळीत स्वतंत्र जागा नसते. मुलाने 'सालेकसा' हा शब्द मोजला तर त्याची अक्षरे भरतात 4. तोच शब्द रेल्वेच्या पाटीवर इंग्रजीत मोजला तर ती होतात 8, कारण तेथे एस, ए, एल, ई, के, ए, एस, ए अशी प्रत्येक व्यंजनाशेजारी त्याच्या स्वराने आपली स्वतंत्र जागा अडविलेली असते. शेजारच्या बालाघाटातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली गोंडी भाषेसाठी जी लिपी सिद्ध केली, तीही याच भारतीय धाटणीची, म्हणजे व्यंजनाच्या पोटी स्वर धरणारी आहे. तात्पर्य, घरची असो वा शाळेची, या मुलाची लेखनदृष्टी बाराखडीची आहे. आणि इंग्रजी अक्षरांचा शोध घेताना बाराखडी मिटवून ठेवून सुटे वर्ण मोजावे लागतात. म्हणून पहिला अभ्यास शब्द शोधण्याचा नव्हेच, तो मोजण्याचा. आपले नाव, गावाचे नाव, शिक्षकांचे नाव मुलाने आधी देवनागरीत व मग इंग्रजीत लिहावे आणि दोहोंची अक्षरसंख्या शेजारी मांडावी. आठवडाभर हा उपक्रम चालला, की 'अक्षर' या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या वस्तू गणीत होतो, हे मुलास सांगावे लागत नाही.

आता सालेकसा स्थानकाची पाटीच समोर धरू. हावडा-मुंबई लोहमार्गावरील या स्थानकाची इंग्रजी अक्षरे वर दिलीच आहेत. त्यांत ए तीनदा, एस दोनदा, आणि एल, ई, के एकेकदा आहेत. ही मोजदाद कागदाच्या कोपऱ्यात सर्वप्रथम टिपून ठेवावी, कारण पुढच्या सर्व तक्रारींचा निवाडा तिच्याच आधारे व्हावयाचा आहे. नंतर स्वर एका ओळीत व व्यंजने दुसऱ्या ओळीत मांडावीत: वर तीन ए व एक ई, खाली दोन एस, एक एल, एक के. आता इंग्रजीतील अत्यंत रुळलेला साचा घ्यावा, तो म्हणजे व्यंजन, ए, व्यंजन आणि शेवटी ई. या साच्यात खालची व्यंजने आळीपाळीने बसविली की एस-ए-एल-ई म्हणजे विक्री, एस-ए-के-ई म्हणजे एखाद्यासाठी, एल-ए-के-ई म्हणजे तलाव, के-ए-एल-ई म्हणजे कोबीच्या जातीची एक पालेभाजी, असे चार शब्द एका दमात हाती येतात. साचा बदलून ई व ए जोडीने मध्ये ठेवावेत: एस-ई-ए-एल म्हणजे मोहोर किंवा सील, एल-ई-ए-के म्हणजे गळणे, आणि शेवटचे व्यंजन सोडले तर एस-ई-ए म्हणजे समुद्र. दुसरा एस शिल्लक आहेच. तो शेवटी लावून तलाव अनेक करता येतात आणि गळतीही वाढविता येते. एस हा एल-पूर्वी जोडला तर एस-एल-ए-के-ई, अर्थात तहान भागविणे, हा काहीसा पुस्तकी पण उत्तम शब्द मिळतो. ई बाजूस ठेवून केवळ ए-कार वापरले तर ए-एस-के म्हणजे विचारणे आणि ए-एल-ए-एस हा हळहळीचा उद्गार निघतो. इतके झाल्यावर चाणाक्ष मूल विचारील की, तीन ए घेऊन काही होते काय? होते. ए-एल-ए-एस-के-ए: उत्तर ध्रुवाकडचा अलास्का प्रांत सालेकसाच्या पाटीत सबंधच्या सबंध बसतो. विशेषनामे शब्दखेळांत धरीत नाहीत, तेव्हा त्याला गुण नाहीत. पण वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर मुले दुसऱ्या दिवशी आपण होऊन आणखी पाट्या घेऊन येतात.

याच पाटीवर परीक्षेचा प्रश्न रचून पाहू. समजा, चार पर्याय दिले: लेक्स म्हणजे तलावाचे अनेकवचन, अलास हा उद्गार, लीज म्हणजे भाडेपट्टा, आणि स्लेक. यांतील कोणता शब्द सालेकसाच्या अक्षरांतून होणार नाही? सर्वसाधारण मूल चारही शब्द क्रमाने जुळवीत बसते, आणि तेथेच त्याचा वेळ जातो. खरी रीत उलटी आहे. प्रथम पर्यायांत असे अक्षर शोधावे जे मूळ शब्दात मुळीच नाही. तसे न सापडल्यास असे अक्षर शोधावे जे पर्यायात दोनदा आणि मूळ शब्दात एकदाच आहे. भाडेपट्ट्याच्या इंग्रजी शब्दात ई दोनदा लागतो, पाटीवर तो एकच आहे. सबब तोच पर्याय बाद, आणि बाकीचे तीन जुळवून पाहण्याची गरजच उरत नाही. गोंदियाच्या पाटीबाबतही असाच सापळा रचता येतो. जी, ओ, एन, डी, आय, ए या सहा अक्षरांतून डूइंग होते, गेन होते, डिग होते. पण गोइंग होत नाही, कारण त्याला दोन जी लागतात. मुले येथे हमखास फसतात, कारण डूइंग झाले तर गोइंगही होईल असे कानाला वाटते.

एकाच अक्षरसमूहातून अनेक शब्द निघतात त्या बाबतीत एक वही ठेवण्याची तजवीज अवश्य करावी, आणि ती या लेखातील सर्वांत उपयुक्त सूचना आहे असे आम्ही समजतो. रीत अशी की, कोणताही नवा शब्द मिळाला की त्याची अक्षरे वर्णानुक्रमाने लावावीत आणि त्या क्रमाच्या शीर्षाखाली तो शब्द रुजू करावा. तलाव हा शब्द घेतला तर त्याची अक्षरे ए, ई, के, एल अशी लागतात, गळणे या अर्थाच्या शब्दाचीही तशीच लागतात, पालेभाजीचीही. म्हणजे हे तिन्ही शब्द वहीच्या एकाच खात्यात जमा होतात. ओ, पी, एस, टी या खात्यात स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स आणि पॉट्स असे पाच शब्द सहज बसतात. ए, ई, एस, टी या खात्यात ईस्ट व सीट. अशी वही वर्षभर चालविणाऱ्या मुलास विस्कटलेली अक्षरे दिली, की ते जुळणीच्या फंदात न पडता ती वर्णानुक्रमाने लावते आणि खाते उघडते. अक्षरजुळणीचे छापील कोश रचणाऱ्यांची आणि आता संगणकाचीही कामाची पद्धत हीच आहे. फरक इतकाच की, संगणकाची वही फार जाड असते.

आता त्याच लोहमार्गावर थोडे पुढे-मागे जाऊ. गोंदियाहून डोंगरगडकडे निघाल्यास गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, दरेकसा ही स्थानके महाराष्ट्रात लागतात आणि मग बोरतलाव, पानियाजोब ओलांडून गाडी डोंगरगडास पोहोचते. या पाट्या म्हणजे फुकटचे पाठ्यपुस्तक आहे. गुदम्याच्या पाच अक्षरांतून चिखल, पेला आणि डिंक, म्हणजे मड, मग व गम. धानोलीतून हँड, लँड, नेल, लायन, लोन, होल्ड. दरेकशातून डार्क, डेस्क, रीड, एरिया आणि पाच अक्षरांचा आस्क्ड. बोरतलावच्या इंग्रजी पाटीत शेवटी ए-ओ येत असल्याने ओ दोनदा मिळतो, म्हणून रोबोट, बूट, रूट, टूल असे जोड-ओचे शब्द तेथे दाटीने आहेत. पानियाजोबमध्ये पियानो आणि बॅन्जो ही दोन्ही वाद्ये सापडतात. एका वेळी दोन्ही वाजविता येणार नाहीत, कारण त्यांना लागणारे एन व ओ पाटीवर एकेकच आहेत. डोंगरगडात ग्रँड, ऑर्गन, हार्ड, आणि तेथल्या बम्लेश्वरी देवीच्या डोंगराखाली चक्क ड्रॅगन. पण या साऱ्यांत आमची आवड आमगावावर आहे. ए, एम, जी, ए, ओ, एन यांतील एक ए वगळला की उरलेल्या पाच अक्षरांचा मँगो होतो. गावाच्या नावातला आंबा इंग्रजी पाटीतही आपली जागा राखून आहे! तीच पाच अक्षरे हलविली की अमंग, म्हणजे 'मध्ये', हा शब्द मिळतो. दोहोंचे वहीतील खाते एकच.

रेल्वेच्या दप्तरी सालेकसाची खूण एस-के-एस आणि दरेकशाची डी-के-एस अशी आहे. स्वर आणि एखादे व्यंजन गाळून उरलेल्या व्यंजनांचा सांगाडा तेवढा ठेवला तरी नाव ओळखू येते, हे यावरून मुलांस दाखवावे. विस्कटलेला लांब शब्द जुळविताना आधी व्यंजनेच आलटूनपालटून पाहावीत आणि स्वर मागाहून भरावेत, हा मार्ग बहुधा लवकर पोहोचवितो.

येथवर अक्षरे सर्व दिलेली होती. पण पुष्कळदा प्रश्न असा असतो की, अमुक एक अक्षर असलेला शब्द सांगा, आणि ते अक्षर अडचणीचे असते. अशा वेळी इंग्रजी अक्षरांची वागणूक माहीत असणे हाच उपाय. सगळ्यांत वर्दळीचे अक्षर ई. कोणताही इंग्रजी मजकूर घेतला तर शंभरांत सुमारे बारा-तेरा अक्षरे ईच भरतात, त्याखालोखाल टी येतो. तारायंत्राची सांकेतिक लिपी ठरविताना मॉर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातील खिळ्यांच्या संख्येवरून कोणते अक्षर किती लागते याचा अदमास घेतला, आणि ईला एक टिंब व टीला एक रेघ इतकी आखूड खूण दिली. क्यूच्या वाट्यास मात्र चार चिन्हे आली. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. अमेरिकेत मंदीच्या काळात काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने 1938 साली जो शब्दखेळ रचला आणि जो 1948 पासून स्क्रॅबल या नावाने प्रसिद्धीस आला, त्यासाठीही त्याने वर्तमानपत्राची पाने घेऊन अक्षरे मोजली होती. त्या खेळात 100 सोंगट्या असून त्यांपैकी 2 कोऱ्या असतात. ई 12, ए व आय प्रत्येकी 9, ओ 8, एन, आर व टी प्रत्येकी 6, डी, एल, एस व यू प्रत्येकी 4, जी 3, बी, सी, एफ, एच, एम, पी, व्ही, डब्ल्यू व वाय प्रत्येकी 2, आणि जे, के, क्यू, एक्स व झेड केवळ एकेक. एस वस्तुतः अधिक लागतो. पण तो वाढविला असता तर जो तो अनेकवचने करूनच डाव जिंकला असता. शाळेने हा खेळ विकत आणण्याची काही गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून वरील प्रमाणात अक्षरे लिहिली की एका दुपारी संच तयार होतो, आणि मुलांच्या हाताने तो झाला तर कोणते अक्षर किती वर्दळीचे, हे लिहिता लिहिताच ठसते.

दुर्मिळ अक्षरांबाबत थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण प्रश्न तेथेच अडतो. क्यू हा जवळजवळ कधीही एकटा हिंडत नाही, त्याच्या मागोमाग यू येतोच: क्वीन, क्विक, क्वेश्चन, क्वार्टर. मध्ये हवा असल्यास स्क्वेअर, ईक्वल, रिक्वेस्ट, लिक्विड. आणि शेवटाकडे हवा असल्यास क्यू-यू-ई हा त्रिक आठवावा: बँकेचा चेक, युनिक, अँटिक. एक्स हा आरंभी जवळजवळ निरुपयोगी, पण ई-नंतर फार सुखाने राहतो. एक्झाम, एक्झिट, एक्स्प्रेस. आणि शेवटी बॉक्स, टॅक्स, मिक्स. झेड जोडीने यावयास आवडतो: पझल, जॅझ, बझ. जे हा मूळच्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी येत नाही. शेवटी जे असलेला शब्द इंग्रजी कोशात दिसला तर तो बहुधा पूर्वेकडून गेलेला असतो, जसा राज. पहिल्या जागीही जंगल आणि ज्यूट हे आपल्याकडचेच. मधल्या जागी जे पाहिजे असेल, तर 'फेकणे' या अर्थाचा एक लॅटिन धातू ध्यानात ठेवला की पुरे. सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, रिजेक्ट, प्रोजेक्ट, इंजेक्शन हे सगळे त्याचेच वंशज. व्हीने शब्द संपविणे इंग्रजीस मान्य नाही, म्हणून गिव्ह, हॅव, लव्ह, फाइव्ह या सर्वांच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई बसविलेला असतो. पाच चौकटींपैकी चौथीत व्ही दिसला तर पाचवीत ई लिहून मोकळे व्हावे, चूक होण्याचा संभव फार थोडा. सी-के आणि एन-जी या जोड्या शब्दाच्या आरंभी येत नाहीत, शेवटी पुष्कळ येतात. जोड-ओच्या शब्दांत बुक, रूम, स्कूल यांच्याबरोबर मंगूस हाही घ्यावा. तो आपल्या मराठी मुंगसावरून इंग्रजीत गेला आहे.

यापुढची अडचण मूक अक्षरांची, आणि तेथे मघाचा तो तयार कान सर्वांत अधिक दगा देतो. के असलेले शब्द सांगा म्हटल्यावर मूल काइट, किंग, बुक सांगते. चाकूच्या, गुडघ्याच्या आणि दार ठोठावण्याच्या इंग्रजी शब्दांत पहिलेच अक्षर के आहे, हे त्याला सुचत नाही, कारण ते ऐकूच येत नाही. तीच गत कोकराच्या, कंगव्याच्या आणि अंगठ्याच्या शब्दांतील अखेरच्या बीची. वॉक, टॉक, हाफ यांतील एलची. राइट व राँग यांच्या आरंभीच्या डब्ल्यूची. लाइट, नाइट यांच्या पोटातील जी-एचची. उलट पक्षी फोन म्हटले की मूल एफकडे धावते आणि तेथे पी-एच निघतात. या शब्दांची स्वतंत्र यादी वहीच्या शेवटच्या पानांवर करावी व तिला 'न ऐकू येणारे' असे नाव द्यावे. यादी तीस-चाळीस शब्दांपलीकडे नेऊ नये. शिष्यवृत्तीच्या पातळीवर तेवढी पुष्कळ झाली.

कोशाचा उपयोग कितपत होतो? मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश असो, की आज बाजारात मिळणारा खिशातला कोश, शब्द लावलेले असतात ते पहिल्या अक्षरावर. त्यामुळे आरंभीचे अक्षर ठाऊक असेल तरच कोश साहाय्य करतो. शेवटचे अक्षर ठाऊक असेल तर उलट क्रमाचा कोश हवा. तसा एक जॉन वॉकर याने इंग्लंडात 1775 मध्ये काढला होता, आणि यमके जुळविणाऱ्या कवींनी तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरला. मधले अक्षर ठाऊक असणाऱ्यास मात्र छापील कोश कोणताच न्याय देत नाही. शेवटच्या अक्षराचा सराव व्हावा म्हणून भेंड्यांचा खेळ इंग्रजी शब्दांवर खेळवावा. मराठी भेंड्यांत ण किंवा ळ आला की समोरच्याची पंचाईत होते. इंग्रजीत ती एक्स आणि वाय यांवर होते, कारण वायने संपणारे शब्द ढीगभर असून वायने आरंभ होणारे फार थोडे. येस, यलो, इयर, यंग, यार्ड एवढे पाच तोंडपाठ करून ठेवणारे मूल या खेळात सहसा हरत नाही.

जागा ठरलेल्या अक्षरांचा प्रश्न सोडविण्याची रीत एका उदाहरणाने दाखवितो. पाच चौकटी, पहिलीत एस, तिसरीत ए, पाचवीत ई, दुसरी व चौथी रिकामी. आठवणीच्या भरवशावर दोन-तीन शब्द येतात आणि मग मन कुंठित होते. त्याऐवजी एसनंतर लगेच कोणती व्यंजने उभी राहू शकतात, ती वर्णानुक्रमाने म्हणावीत: सी, एच, के, एल, एम, एन, पी, टी, डब्ल्यू. आता एकेकास दुसऱ्या चौकटीत बसवून पुढे बोलून पाहावे. सीने स्केल व स्केअर, एचने शेड, शेक, शेम, शेप, शेअर, शेव्ह, केने स्केट, एलने स्लेट व स्लेव्ह, एमने नेहमीच्या वापरातला काही नाही, एनने स्नेक, पीने स्पेस, स्पेड, स्पेअर, टीने स्टेज, स्टेक, स्टेल, स्टेअर, स्टेट, डब्ल्यू पुन्हा रिकामा. दीड डझनांवर शब्द अवघ्या मिनिटात हाती आले, आणि त्यांत आठवणीचा भाग थोडा, क्रमाचा भाग अधिक होता. येथेही कानाचा दगा पाहण्यासारखा आहे: स्केल आणि स्केट यांचा आरंभ ऐकावयास तंतोतंत सारखा, पण एकात सी व दुसऱ्यात के.

मोबाइलवर आता अशी साधने आहेत की, ज्ञात अक्षरे लिहून अज्ञात जागी प्रश्नचिन्ह घातले, किंवा कितीही अक्षरांच्या जागी तारकाचिन्ह घातले, की क्षणार्धात शब्दांची रास पुढे पडते. त्यांचा वापर करू नये असे आम्ही म्हणत नाही. शिक्षकांनी प्रश्न रचण्यासाठी तो जरूर करावा. मुलाच्या हाती मात्र हे साधन स्वतःची यादी पूर्ण झाल्यावर, ती पडताळून पाहण्यापुरतेच द्यावे, आणि तेही एका अटीवर. ही यंत्रे शब्दखेळांच्या कोशांवर चालत असल्याने त्यांच्या राशीत क्यू-आय, झेड-ए असे दोन अक्षरी विचित्र शब्द असतात, जे खेळात अधिकृत असले तरी शालेय इंग्रजीत कोणी लिहीत नाही. ज्या शब्दाचा अर्थ मुलास एका मराठी वाक्यात सांगता येत नाही, तो वहीत जमा होता कामा नये. नाहीतर वही फुगते आणि भाषा होती तेथेच राहते.

पालकांस इंग्रजी येत नसेल तर त्यांनी मागे सरण्याचे कारण नाही. मोजदाद तपासणे, एक अक्षर दोनदा वापरले गेले नाही ना याची खातरजमा करणे, आणि अर्थ विचारणे, या तीन कामांस इंग्रजी जाणण्याची गरज लागत नाही. रोज रात्री पंधरा मिनिटे पुरतात.

तालुक्यातील शिक्षक बंधुभगिनींस एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या गावाचे, लगतच्या खेड्यांचे, नदी-नाल्यांचे नाव इंग्रजीत फळ्याच्या कोपऱ्यात सोमवारी लिहावे आणि शनिवारपर्यंत ते पुसू नये. त्यातून निघालेले शब्द मुलांनी आपापल्या हाताने खाली लिहीत जावे, व शनिवारी प्रत्येक शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याकडूनच वदवून घ्यावा. आरंभ सालेकशापासून करण्यास हरकत नाही. वर दिलेल्या शब्दांखेरीज त्या पाटीत आणखी काही शिल्लक आहेत, आणि ते येथे मुद्दामच सांगितलेले नाहीत.